बेसमेंटच्या तोंडाला ॲल्युमिनियमचे बर्गे: घ्यावेत का, किती उंच, आणि त्याआधी काय बुजवावं

ज्यांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये फक्त ‘घ्यायचं की नाही’ एवढंच सांगायचंय, त्यांच्यासाठी निकाल आधीच: पुराचं पाणी अडवणाऱ्या या फळ्यांचा ६० सेंमी उंचीचा संच घ्या. १ मीटर किंवा १.२ मीटरचा विकायला कोणी आलं, तर रॅम्प दाखवण्याआधी त्याला कंपाउंडची भिंत दाखवा. आणि पावसाळी पाण्याच्या लाइनवर एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसेल तर यंदा फळ्या घेऊच नका, तो पैसा आधी चेंबरमध्ये घाला.

वस्तू काय आहे ते नाशिककरांना फार समजवायला नको. के. टी. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याचे बर्गे ज्याने पाहिलेत त्याला ही ओळखीची वाटेल. दोन बाजूंना उभ्या खाचा, त्यांत एकावर एक आडव्या फळ्या, सांध्यात रबर. फरक दोन. बंधाऱ्याचे बर्गे पावसाळा सरताना घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. हे भर पावसात घालायचे. शिवाय जुन्या बंधाऱ्यांत लाकडी बर्ग्यांच्या दोन ओळी लावून मध्ये माती ठासत, त्यामुळे गळती दबायची. इथे ओळ एकच, म्हणून सगळी भिस्त रबरावर. विकणारे याला फ्लड बॅरियर म्हणोत, स्टॉप लॉग म्हणोत. आम्ही बर्गेच म्हणणार.

हीच वस्तू भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर वापरतात. टोकियोत स्थानकाच्या तोंडाशी अशा फळ्या कडेलाच ठेवलेल्या असतात, आणि बऱ्याच जागी आधी दोन-चार पायऱ्या चढून मग खाली उतरावं लागतं. नाशिकची मेट्रो निओ, जिच्यासाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, ती आखली गेली खांबांवरून. भुयारी स्थानक तिच्यात नव्हतं. पण सोसायट्यांची पार्किंग, दवाखान्यांची तळघरं, दुकानांची गोदामं, क्लासेस हे सगळं जमिनीखाली गेलेलंच आहे. स्थानक असो की पार्किंग, भूमिती एकच: वरून खाली उतरणारा रस्ता, आणि खाली साठलेलं पाणी आपणहून कुठेही जात नाही.

म्हणून मेट्रो कुठे फसल्या ते बघूनच ही वस्तू तोलायला हवी. मुंबईच्या मेट्रो ३ चं आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ ला सुरू झालं आणि २६ मे रोजी, मान्सून मुंबईत दाखल झाला त्याच दिवशी, त्यात पाणी शिरलं. पाणी आलं ते काम चालू असलेल्या प्रवेशमार्गाकडून. तिथे पाणी अडवायला बांधलेली भिंत कोसळली. चीनच्या झेंगझोउ शहरात २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला, पाण्याने लाइन ५ च्या डेपोची अडवण भिंत पाडली आणि बोगद्यात गाडी अडकून १४ जणांचा जीव गेला. न्यूयॉर्कचं साउथ फेरी स्थानक २००९ मध्ये उघडलं, २०१२ च्या सँडी वादळात प्लायवूड आणि वाळूच्या गोण्यांचा आडोसा न टिकल्याने तुडुंब भरलं, आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झालं. पहिल्या दोन्ही ठिकाणी दार गेलं नाही, भिंत गेली. बर्गे विकणाऱ्याच्या ब्रोशरमध्ये भिंतीचं चित्रच नसतं.

आता आपल्या कंपाउंडचा हिशेब करू. भिंतीला १ मीटर पाणी टेकलं की दर मीटर लांबीवर ५०० किलोंचा रेटा येतो, आणि तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, म्हणजे भिंत उलथवणारं बळ साधारण १६७ किलो-मीटर. ९ इंची विटांची १.२ मीटर उंच भिंत स्वतःच्या वजनाने (मीटरला सव्वापाचशे किलोंच्या आसपास) फार तर ६० किलो-मीटर परतवते. म्हणजे १ मीटरला ती जाते. पाणी ६० सेंमी असेल तर रेटा १८० किलो, उलथवणारं बळ ३६. भिंत उभी राहते आणि थोडी शिल्लकही उरते. ७० सेंमीला शिल्लक संपते. ६० चा आकडा आला तो इथून. साडेचार इंची पार्डी भिंत असेल तर ६० सुद्धा विसरा. भिंत आरसीसीची असेल, सळया पायापर्यंत गेलेल्या असतील आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिलं असेल, तरच वर चढा.

उंची ठरवताना दुसरं माप रस्त्याचं. नाशिकमध्ये डांबराचा थर बहुतेक वेळा जुना न खरवडता टाकतात. दहा-पंधरा वर्षांत रस्ता वर येतो आणि सोसायटीचा उंबरा जागेवर राहतो. मिस्त्रीचा पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, एक टोक रस्त्याच्या मधोमध आणि दुसरं रॅम्पच्या माथ्यावर धरा. रॅम्पचा माथा रस्त्यापेक्षा खाली निघाला तर फळ्यांच्या आधी तिथे आरसीसीचा उंबरवटा करा. १५ सेंमी उंचीला १:८ चा उतार दिला की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा मीटर जागा लागते आणि बहुतेक गाड्यांचं पोट घासत नाही. हा उंबरवटा रात्री दोन वाजताही कामावर असतो, त्याला वॉचमन लागत नाही. टोकियोच्या त्या दोन-चार पायऱ्या म्हणजे दुसरं काही नाही.

फळीकडे वळू. बाजारात दिसते ती साधारण २० सेंमी उंच आणि ५० मिमी जाड पोकळ फळी, ॲल्युमिनियमचा पत्रा ३ मिमीचा. तीन मीटर लांबीची एक फळी १४-१५ किलोंची भरते, दोघांनी सहज उचलावी अशी. प्रश्न वजनाचा नाही, वाकण्याचा. १ मीटर पाण्यात तळाची ३ मीटर लांब फळी मध्यभागी सुमारे ४ सेंमी पोटाशी येते. तीच फळी २ मीटर लांब असेल तर फक्त ८ मिमी. वाकणं लांबीच्या चौथ्या घातात वाढतं, म्हणून एक मीटर वाचवल्याने पाचपट फरक पडतो. फळी वाकली की टोकांशी रबर तिरकं होतं आणि पाणी तिथूनच चिळकांड्या मारतं. ६० सेंमीच्या संचालाही म्हणूनच दोन मीटरपेक्षा मोठा गाळा (दोन खाचांमधलं अंतर) ठेवू नये. अंबड-सातपूरकडचे फॅब्रिकेटर कधीकधी पार्टिशनच्या सेक्शनमधून, दीड मिमी पत्र्यातून फळी करून देतात. दिसायला तीच, वाकते दुप्पट. कोटेशनमध्ये पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या आणि माल आला की फळीच्या कापलेल्या टोकाला व्हर्निअर लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

पाच-सहा मीटर रुंद रॅम्पला मग मधले खांब आले, आणि संचाचा सर्वांत दुबळा भाग हेच. १ मीटर पाण्याला दोन मीटरच्या गाळ्यांमधल्या खांबाच्या बुंध्याशी ३३० किलो-मीटरच्या वर उलथवणारं बळ येतं. ६० सेंमीला तेच सत्तरच्या आसपास. हा खांब पेव्हर ब्लॉकवर किंवा १० सेंमी कोब्यावर बसवणं म्हणजे कुंडीत झेंडा रोवणं. खाली किमान ३० सेंमी खोल आरसीसी बीम हवा, त्यात स्टेनलेसची प्लेट आणि चार १६ मिमी अँकर. खांब काढल्यावर उरणाऱ्या भोकांना स्क्रूची टोपी हवी. टोपी हरवली की मे महिन्यापर्यंत भोकात माती, खिळे आणि विड्यांची थोटकं यांचा घट्ट बूच बसलेला असतो आणि बोल्ट आत जातच नाही.

हा आरसीसी बीम फळीच्या तळाखालीही लागतो, आरपार. पेव्हर ब्लॉक क्रश सँडवर बसलेले असतात; पाणी फळीखालून नव्हे तर ब्लॉकखालच्या वाळूतून पलीकडे निघतं, आणि मग सगळे रबराला दोष देत बसतात. बीमच्या माथ्यावर गुळगुळीत पट्टी हवी, स्टेनलेस किंवा ग्रॅनाइट चालेल, आणि ती तीन मिमीच्या आत लेव्हलला. तळाच्या फळीचं मऊ स्पंज रबर याहून जास्त खड्डा भरून काढू शकत नाही.

बाजूच्या खाचांचं एकच पथ्य, पण ते हमखास मोडलं जातं. खाच कॉलमच्या काँक्रीटला टेकली पाहिजे, कॉलमवरच्या दगडी क्लॅडिंगला नाही. क्लॅडिंगमागे बोटभर पोकळी असते. पाणी त्या पोकळीतून वाट काढतं आणि खाच बाहेरून कोरडीठाक दिसते. तेवढ्या पट्ट्यातली फरशी कापून काढा, काँक्रीट घासा, केमिकल अँकरने स्टेनलेस ३०४ चे बोल्ट बसवा, मागे पॉलियुरेथेन सीलंटची सलग रेघ द्या. साधे लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमशी भिडले की दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी आणि तांबेरा. विटांच्या पिलरला अँकर धरत नाही. तिथे आधी आरसीसी कॉलम.

खाचांच्या माथ्याशी क्लॅम्प येतात, वरून फळ्या दाबणारे. ‘वजनानेच बसतात, क्लॅम्प ऑप्शनल आहे’ असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशेब विचारा: तीन मीटरची फळी ३० लिटर पाणी बाजूला सारते आणि तिचं वजन १५ किलो. टोकं बंद असलेली फळी तरंगते. क्लॅम्प नसेल तर पाणी चढताना सर्वांत खालचं रबर सैल होतं आणि संच तळाकडून उघडतो.

रबर ईपीडीएमचंच घ्या. त्याला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, तेलाने ईपीडीएम फुगतं आणि खाचेत अडकतं. टाल्कम पावडर किंवा सिलिकॉन ग्रीस चालतं. फळ्या वर्षभर एकमेकींवर दाबून ठेवल्या तर रबर चपटं होऊन बसतं, म्हणून भिंतीवर ब्रॅकेट, प्रत्येक फळी सुटी, उन्हाच्या आड. फळ्यांवर रंगाने नंबर घाला: डावा गाळा, उजवा गाळा, तळाची कोणती. कुलूपही लावा. बंधाऱ्यांचे बर्गे चोरीला जातात तो प्रकार जिल्ह्याला नवा नाही, आणि ॲल्युमिनियमला भंगारात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव आहे.

आता माणूस. दोन गाळे, प्रत्येकी तीन फळ्या, एक मधला खांब. सराव असलेल्या दोघांना पंधरा ते वीस मिनिटं लागतात. सराव नसेल तर पहिली दहा मिनिटं क्लॅम्पची पिशवी शोधण्यात जातात. ही वीस मिनिटं मिळतील का, हे पूर कुठला त्यावर ठरतं, आणि नाशिकमध्ये पूर दोन जातींचा आहे. गोदावरीचा पूर सांगून येतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याचा निरोप येतो, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, मग कमरेला पाणी लागल्याचे फोटो फिरतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्येही हे सगळं डोळ्यांदेखत चढत गेलं. तिथे बर्गे उत्तम काम करतात, वेळ भरपूर असतो. दुसरा पूर नाल्यांचा. धरणातून थेंबही सोडलेला नसताना तासाभराच्या धो-धो पावसाने सराफ बाजार, दहीपूल भागात पाणी भरतं, कारण सरस्वती नाला वस्तीखाली बंदिस्त झालाय आणि वरचं पाणी त्यात मावत नाही. इथे वीस मिनिटंसुद्धा मिळतीलच असं नाही. अशा भागात तळाची फळी जून ते सप्टेंबर रोज रात्री दुकान बंद करतानाच घालून ठेवावी. २० सेंमी तर २० सेंमी.

कधी लावायचे हा वाद त्या वेळी घालू नका. गेटच्या खांबावर लाल पट्टा मारा, पाणी पट्ट्याला लागलं की फळ्या लागणार आणि त्यानंतर गाडी काढता येणार नाही, हे सोसायटीच्या ठरावात लिहा. नाहीतर अर्धी फळी बसलेली असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका किल्ली घेऊन खाली येतात. आणि फळ्या लागल्या की बेसमेंटमध्ये एकही माणूस थांबू द्यायचा नाही. दिल्लीत राजिंदर नगरच्या क्लासच्या तळघरात २७ जुलै २०२४ ला तीन विद्यार्थी गेले. ९० सेंमी रुंद दाराला बाहेरून फक्त ५० सेंमी पाणी टेकलं तरी ११० किलोंच्या वर रेटा असतो. बाहेर उघडणारं दार आतून ढकलून उघडेल ही आशा ठेवू नये.

इथपर्यंत दार झालं. खरी गंमत मागच्या बाजूला आहे. बहुतेक इमारतींत वीज कंपनीची केबल जमिनीखालून १०० मिमीच्या पाइपातून बेसमेंटच्या मीटर रूममध्ये येते, आणि पाइप नि केबल यांमधली फट गोणपाट किंवा फोमने बुजवलेली असते. १०० मिमीच्या उघड्या भोकावर १ मीटर पाण्याचा दाब आला तर सूत्राने सेकंदाला २० लिटर येतात. केबलने अर्धी जागा व्यापली, पाइपात घर्षण झालं, तरी मिनिटाला काही शे लिटर धरा, तेही थेट मीटर पॅनलच्या अंगावर. फोम या दाबाला टिकत नाही. रबराचे ठोकळे बोल्टने आवळून बसवायचे सील मिळतात, ते लावा. केबल हलवायची असेल तर वीज कंपनीचा माणूस बोलावूनच.

दुसरं भोक चेंबर. बेसमेंटची किंवा रॅम्पची जाळी बाहेरच्या पावसाळी गटाराला उताराने जोडलेली असेल, तर गटार भरल्यावर तीच लाइन उलटी वाहते. दारात फळ्या नेटक्या लागलेल्या आणि पाणी आतल्या जाळीतून कारंज्यासारखं वर, हे दृश्य या वस्तूच्या बदनामीचं मुख्य कारण आहे. लाइनवर एनआरव्ही हवा, झडपेचा, आणि तो हात पोचेल अशा चेंबरमध्ये. कारण गुटख्याची पुडी किंवा दुधाची पिशवी अडकली की झडप अर्धी उघडी राहते. मे महिन्यात एकदा आणि मोठ्या पावसानंतर दर वेळी झाकण उघडून हात घालायचा. बेसमेंटमध्ये वॉचमनचं टॉयलेट असेल तर ड्रेनेजच्या लाइनवरही वेगळा एनआरव्ही. तो विसरला तर जे वर येतं ते पावसाचं पाणी नसतं.

पंप लागतोच. एनआरव्ही बंद झाल्यावर रॅम्पवर पडणाऱ्या पावसाला जायला जागा उरत नाही. ५ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब रॅम्पवर तासाला १०० मिमी पाऊस म्हणजे ७,५०० लिटर, मिनिटाला १२५. त्यात फळ्यांची गळती. पंपाच्या डब्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो. सहा मीटर वर फेकताना किती देतो ते कंपनीच्या कर्व्हवर बघून मिनिटाला २०० लिटर देणारा मड पंप घ्या, आणि एक नव्हे दोन, वेगळ्या फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा). डिलिव्हरी पाइप फळीच्या माथ्यापेक्षा वर नेऊन वाकवून बाहेर सोडा. तो त्याच तुंबलेल्या चेंबरमध्ये खालून जोडला तर पंप गरागरा फिरतो आणि पाणी तिथल्या तिथे. पंपाचा पॅनल आणि जनरेटर तळमजल्यावर हवेत. लाइट नेमकी तेव्हाच जाते. पेट्रोल इंजिनचा पंप बेसमेंटमध्ये उतरवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत पाण्याआधी माणूस घेतो.

पर्यायांचं थोडक्यात. पाण्याच्या दाबाने आपोआप उभं राहणारं दार कागदावर सर्वांत सुंदर आहे, माणूस लागत नाही. पण त्याचा खड्डा रस्त्याच्या पातळीखाली असतो, त्यात आपल्याकडची माती आणि खडी भरते, आणि बिजागरीत एक खडा अडकला की ते तिरकं उठतं. दवाखान्याने घ्यावं, पण महिन्याला साफसफाईचा करार करूनच. सोसायटीने या फंदात पडू नये. वाळूच्या गोण्या दोन तृतीयांशच भरायच्या, विटांसारख्या सांधे मोडत रचायच्या, खाली प्लास्टिकचा कागद. २०-३० सेंमीपर्यंत ठीक. त्यापुढे पायाची रुंदी उंचीच्या तिप्पट धरावी लागते आणि रॅम्पच्या तोंडाशी तेवढी जागा नसते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उन्हात सहा महिन्यांत विरतात. आणि निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आत असाल तर यातलं काहीच पुरणार नाही. तिथे बेसमेंटमधून मीटर, पंप आणि माल वर हलवणं हाच उपाय.

माल घेताना शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीवर ठेवा, आणि चाचणी जागेवर, तुमच्या बीमवर, तुमच्या कॉलममध्ये. फळ्यांच्या बाहेर मीटरभर अंतरावर गोण्या आणि प्लास्टिकचा तात्पुरता बांध घाला. चार मीटर रुंद तोंडाला ३० सेंमी पाणी भरायला १,२०० लिटर लागतात, लहानशा टँकरमध्ये भागतं. आत झिरपणारं पाणी एका कडेला वळवून २० लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. चांगलं रबर दाबाखाली बसत जातं, दुसरी बादली सावकाश भरली पाहिजे. ती लवकर भरली तर पाणी रबरातून नव्हे, बीमखालून किंवा खाचेमागून येतंय. खडूने ओल कुठून सुरू होते ती जागा आखून घ्या आणि फॅब्रिकेटर निघून जायच्या आत दाखवा. संचासोबत एक खराटाही मागून घ्या, फळ्यांच्या ब्रॅकेटलाच टांगायला: तळाची फळी ठेवण्याआधी पट्टीवरची खडी झाडली नाही, तर स्पंज रबराखाली राहिलेला एक हरभऱ्याएवढा खडा पुरतो.